शेंदराखालचा बोल्ट

देव मानत नाही, असं मी तेव्हा चारचौघांत ठासून सांगत असे. सरकारी ओव्हरसियर होतो आणि हातात पाना असला की मला कुणाचीच गरज वाटत नसे. मध्यभारत मोडून नवं राज्य झालं, माझी बदली भोपाळला लागली. जाण्याआधी एकच काम उरलं होतं, आईला ओंकारेश्वरला मावशीकडे पोचवायचं. मावशी अंथरुणाला खिळली होती. "अक्काला म्हणावं, माझे डोळे मिटायच्या आत ये," असा तिचा निरोप होता. पण कंबर मोडल्यापासून आईला बसवत नसे, त्यामुळे बस आणि रेल्वे दोन्ही बाद.

उपाय माझ्याकडे तयार होता. लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली एक रुग्णवाहिका मी घेतली होती. आत खाट, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि डब्यांची फळी बसवून चाकांवरचं घर केलं. माधव नगरातले शेजारी तिला 'धर्मशाळा' म्हणत. इंजिनाचा नट अन् नट मी स्वतः खोलून बसवला होता.

आईला मात्र माझ्यापेक्षा भैरवबाबांचा भरवसा जास्त. "ते उज्जैनचे कोतवाल आहेत रे. त्यांची इजाजत घेतल्याशिवाय शहर सोडायचं नाही," ती म्हणायची.

"आई, गाडीचा परवाना सरकार देतं," मी म्हणालो.

गाडी घरी आली तेव्हापासूनच तिने सुनेला हाताशी धरलं होतं. दर शनिवारी बायको इंजिनालाच तेल-शेंदराचा लेप, म्हणजे देवाला चढवतात तसा चोला, चढवू लागली. काही महिन्यांत बॅटरीशेजारी चांदीचे डोळे लावलेला एक छोटा भैरव तयार झाला. मी हसायचो आणि सोडून द्यायचो.

निघालो त्या सकाळी गाडी ऐटीत चालली आणि नानाखेड्याच्या पुढे, एका मारुतीच्या देवळासमोर, बंद पडली. स्टार्टर दाबला की नुसतं 'टिक' व्हायचं आणि दिवे मालवायचे. बॅटरी तर भरलेली! प्लग पुसले, पॉइंट घासले, पेट्रोलची नळी फुंकली, हँडल मारून मारून खांदा निखळायला आला. आतून आईचा आवाज यायचा, "इजाजत घेतली नव्हती ना?" बायकोने तेवढ्यात पोहे केले. गाडी बंद होती, घर मात्र झकास चाललं होतं.

दुपार झाली आणि आई बोलायची थांबली. डोकावून पाहिलं तर मावशीसाठी घेतलेली भैरवगढची छापील चादर छातीशी धरून ती छताकडे बघत पडली होती. देवळाच्या पायरीवर पाना ठेवला आणि म्हणालो, "माझी अक्कल संपली. आता तूच बघ." हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मला आजही कळत नाही.

देवळात म्हातारे पुजारी मारुतीचा जाड झालेला जुना चोला उतरवत होते. हात पुसत ते गाडीपाशी आले.

"बाबूजी, सब देख लिया?"

"सब."

त्यांनी शेंदराकडे बोट दाखवलं. "और इनके नीचे?"

"इनको हाथ कैसे लगाता, महाराज?" मी बोलून गेलो. आत बायको फिस्सकन हसली.

पुजाऱ्यांनी नमस्कार केला आणि सवयीच्या हाताने चोल्याच्या खपल्या काढल्या. खाली बॅटरीची अर्थिंगची तार गाडीच्या सांगाड्याला जोडणारा बोल्ट होता. तो इतका ढिला झाला होता की दोन बोटांनी फिरत होता, आणि तारेखाली शेंदूर-तेल मुरलं होतं. मी जागा घासली, बोल्ट कसला, स्टार्टर दाबला. गाडी पहिल्याच दमात सुरू झाली.

"चोला भारी हो जाए तो भगवान खुद उतरवा लेते हैं," पुजारी म्हणाले.

मी गाडी मागे वळवायला लागलो, भैरवबाबांना विचारून येऊ म्हणून. आई ओरडली, "नको! सोडलंय त्यांनी. आता सरळ चल."

दिवेलागणीला मावशीच्या दारात पोचलो. "उशीर केलास गं अक्का," मावशी म्हणाली. आईची खाट आम्ही तिच्या खाटेला लावून ठेवली. त्यानंतर मावशी नऊ दिवस होती. ते नऊ दिवस त्या दोघी एकमेकींचा हात धरून माहेरच्या गोष्टी बोलत राहिल्या. त्या नऊ दिवसांसाठी मी कुणाचे आभार मानू, याचा वाद मी आता घालत नाही.

शनिवारचा चोला हल्ली बॉनेटवर चढतो आणि बोल्ट मी साफ ठेवतो. गाडी अडली की आधी पाना खाली ठेवून हात जोडतो. त्या दिवशी सगळं इंजिन तपासणाऱ्या माझ्या हाताने नेमकी एक जागा सोडली होती. मी देव मानत नाही, हे माझ्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.