माका राग नाय हां

१९६४ साल, माझं वय अडुसष्ट. दोन यत्ता शिकलेला माणूस मी. तरी हे माझ्याच हातानं लिहितोय. किनाऱ्यावर जाळं सुकवत होतो, तेव्हा भिकू तांडेल गेल्याचं त्याची सून सांगत आली. हातातलं जाळं मी खाली ठेवलं नाही... ठेवून काय करायचं होतं?

आदल्याच संध्याकाळी त्याच्या खाटेशी बसलो होतो. म्हणाला, "माका तुझो राग नाय हां, पण..." आणि खोकला आला. पुढचं राहूनच गेलं. महिना झाला, ते डोक्यातून जात नाही.

त्याचं बोलणं नेहमी त्या 'राग नाय'पासूनच सुरू व्हायचं. गोव्याची हद्द बंद झाली त्या वर्षी गोव्यातला इनास बायकोपोरासकट आमच्या वाडीत आला. आमच्या रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं ओढायच्या मोठ्या जाळ्याची, रीत अशी, की जो दोराला हात लावील त्याला वाळूवरच मासळीचा वाटा. इनासनं सकाळभर दोर ओढला. वाटे पडायच्या वेळी म्होरक्या भिकू म्हणाला, "माका किरिस्तावांचो राग नाय हां, शेजारीच आसत माझे. पण ह्यो भायरचो. ह्येका वाटो नाय." संध्याकाळी त्याच भिकूनं बायकोच्या हाती इनासकडे बांगडे पाठवले. इनासनं टोपली परत केली. "माका भीक नको, वाटो होयो."

मी भिकूला विचारलं, "राग नाय म्हणतंस, वाटो नाय म्हणतंस. ह्यातला खरा खंयचा?"

"तू दोन यत्तांच्या फुडे गेलंस नाय ता बरा झाला, नायतर वकील झालो असतंस!"

इनास नारळ पाडून पोट भरू लागला. टोपली जात राहिली, परत येत राहिली. मी भांडत राहिलो. आणि वादळात माझं छप्पर उडालं, तेव्हा न बोलावता माडाच्या पानांचे झाप घेऊन आला तोही हाच भिकू... कुठं ठेवायचा हा माणूस?

भिकूच्या बाराव्याला त्याच्या अंगणात विषय निघाला, दोरावर भिकूची जागा कोणाला? मी म्हटलं, इनासला. लगेच रापणीवरच्या सगळ्यांचं सुरू झालं, "आमचो विरोध नाय हां काका, पण आता गोंय सुटला. जांवदे ना आपल्या घराक." मी उठून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरच्या रापणीच्या खोपीतल्या खुंटीवरचं भिकूचं फडकं काढलं, दोर खांद्याला काचू नये म्हणून तो घ्यायचा ते. अजून खारट होतं. इनासच्या दारात जाऊन त्याच्या खांद्यावर टाकलं.

"वाटो?" त्यानं विचारलं.

"वाळयेर. सगळ्यांसारखो."

दोरावर माझ्या पुढं त्याला उभा केला. मागून कोणीतरी तोंड उघडलं, "माझ्या मनात काय नाय हां..."

"ओढ, मेल्या!" मी म्हटलं.