थांबा ना, सर

आमच्या परळच्या प्रयोगशाळेतल्या त्या बाई मला अजून आठवतात. द्रवात सूक्ष्म कण इतके दाटीने भरायचे की मिश्रण काचेसारखं घट्ट बसावं, मग यंत्राच्या दोन तबकड्यांमध्ये धरून त्याला हलका पीळ देत राहायचं आणि ते कधी वाहू लागतं ते पाहायचं, हे त्यांचं काम. नमुना लावला की त्या बाळाला थोपटावं तशा पुटपुटायच्या, "बस हं, बस जरा." मला त्याचा वैताग यायचा.

यंत्र दुसऱ्या इमारतीत हलवायचं होतं, त्या दिवशी त्यांचा शेवटचा प्रयोग चालू होता. मध्येच थांबवला असता तर सगळा वाया. मिश्रण किती सरकलं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ सकाळपासून आडवी होती आणि दारात हमाल खोळंबले होते.

"बाई, हे काही हलत नाही. बंद करू?"

"थांबा ना, सर. वरून गप्प दिसतंय, पण आत कण जागा बदलतायत."

माझा हात बटणावरच होता. तो काढून घ्यावासा वाटला नाही, याची आज लाज वाटते. तेवढ्यात रेघ वर वळली आणि चढतच गेली. मिश्रण वाहू लागलं होतं.

मी ओरडलोच. बाईंनी आकडे जतन केले, यंत्र बंद केलं, पदर खोचला आणि हमालांना म्हणाल्या, "या रे बाबांनो, एक बाजू मी धरते."