दोन बोटं तोकडी सावली

फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौंसरच्या गाडीची वाट पाहत होते. "बाबा गेले," एवढंच आमचे हे बोलले. आणि मला काय आठवावं? गच्चीवरची लोखंडी दांडी! त्याला आता सहा आठवडे होतील, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, रामाकोना गावच्या शाळेत भूगोलाचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर सौंसरच्या घराच्या गच्चीत त्यांनी ती दांडी रोवली. दर बावीस डिसेंबरला सव्वाबाराच्या सुमारास सावलीच्या टोकाशी ऑइलपेंटची रेघ ओढायची. आमच्या गावात त्या दिवशी सावली जवळजवळ दांडीएवढीच पडते. ते सांगायचे, पृथ्वीचा आस कललेला आहे, तो कल फार हळू कमी होतोय. हजारो वर्षं कमी होईल, मग पुन्हा वाढेल, एक झोका चाळीसेक हजार वर्षांचा. सूर्याभोवतीची तिची वाटही कधी लांबट, कधी गोलसर. त्यातूनच हिमयुगं आली नि गेली. कल कमी झाला की हिवाळ्यातली ही सावली तोकडी होणार. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "मामाजी, तुमच्या अख्ख्या जन्मात जेवढा फरक पडन, त्याच्याहून तुमची रेघच जाडी हाय." ते खो खो हसले. "हाव ना बाई. पण पाहून तं राहिलो ना मी!"

मग तीन वर्षांमागचा तो डिसेंबर... धुतलेली गोधडी वाळत घालायला जागा नव्हती, म्हणून मी दांडीपासून दक्षिणेच्या कठड्यापर्यंत दोरी ताणली. मेली ती गोधडी! तिच्या ओझ्यानं दांडी वाकली. मी दोरी सोडली आणि गप्प बसले. बावीस तारखेला सावली दोन बोटं तोकडी. मामाजींचा चेहरा क्षणभर उजळला... मग उतरला. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. "माह्ये डोळे गेले वाटते," म्हणाले आणि ब्रश धुऊन ठेवला. पुढे रेघ ओढलीच नाही. एवढी बोलभांड मी, पण एक वाक्य तोंडातून निघेना. वीसेक वर्षांचं काम बुडवलं, वर म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावला. आज सांगतेच, असं ठरवून कितीदा चहा घेऊन गेले असेन त्यांच्यापाशी, आणि भाजी कोणती करू ते विचारून परतले.

परवा बावीस डिसेंबर. साडेअकरापासून मी गच्चीवर नुसती येरझारा घालत होते. शेवटी ह्यांना म्हटलं, "दांडी सरळ करा. म्या वाकवली होती." सांगून टाकलं एकदाचं!

हे गोधडी वाळत होती त्या भिंतीकडे बोट करून म्हणाले, "बाबाले माहीत होतं. दांडीले दोरीचा धागा अटकून होता. त्याच हप्त्यात त्यायनं भिंतीले ह्या दोन खुंट्या ठोकल्या. मले म्हणे, सूनबाईले बोलू नको, तिले गोधडी वाळवाले जागा नाही."

खुंट्या ह्यांनीच ठोकल्या, असं मी तीन वर्षं समजत होते. मामाजींनी दांडी सरळ केली असती तर कोणी वाकवली हे विचारावं लागलं असतं. म्हणून बिचाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर ढकललं... आणि मी ते खरं मानलं.

दांडी आम्ही तशीच ठेवली. सव्वाबाराला सावली पडली, दोन बोटं तोकडी. मी ब्रश शोधला, रेघ ओढली, ती जाडीच आली. मग वाळलेली गोधडी काढायला खुंटीकडे वळले. मामाजी चांगले उंच होते. खुंट्या मात्र माझा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर आहेत.