सोफ्याला शोभणारी मांजर
बेदाण्याचा वास आला की पिंपळगावची नणंद आठवते. तिच्या मागच्या खोलीतले विक्रीचे बेदाणे उंदीर फस्त करत होते, म्हणून मांजर निवडायला तिने मला बोलावलं. शेजारच्या कांदाचाळीत पिल्लं होती. मी एका पट्टेरी पिल्लाला मानेला धरून उचललं, तसं ते मागचे पाय पोटाशी घेऊन गुरगुरलं. "हेच घे. उचलल्यावर असे पाय आखडून घेणारं पिल्लू शिकारी निघतं." "अहो वहिनी, आमचा सोफा क्रीम कलरचा आहे. त्यावर हे ध्यान?" तिने नाशिकहून पांढरी, झुपकेदार पर्शियन आणली. पहिल्याच उंदराला बघून ती पडद्यावर चढली. पट्टेरी पिल्लू मी घरी आणलं. नणंद आता स्वतः पिंजरा लावते आणि सापडलेला उंदीर मांजरीला दिसू नये म्हणून पदराआड झाकून बाहेर नेते.