ताणलेली नळी

धुळ्याच्या गॅरेजात आमची जीप दोन इंच उंच करून घेतली आणि लगेचच्या रविवारी आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी गेलो. नवरा गाडी कोरड्या नाल्यात उतरवत असताना, शेजारी बसलेल्या माझ्या बाजूचे पुढचे चाक अधांतरी झाले. काचेतले आभाळ कलले, कुठेतरी रबर करकरले. मागे बसलेली आमची मुलगी खिदळली. माझ्या जिभेवर मात्र लोखंडाची चव आली.

त्या करकरीचा माग काढायला सोमवारी आम्ही तिघांनी तेच गॅरेज गाठले. म्हाताऱ्या मिस्त्रीनानांनी गाडी जॅकवर घेतली आणि तेच चाक खाली लोंबू दिले.

"ताई, हात लावा."

चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी गळ्याच्या शिरेसारखी ताणली होती. बोटाखाली एक बारीक भेग लागली, ओलसर, तेलाच्या उग्र वासाची.

"गाडी उंच व्हयनी, पन नळी जुनीच शे," नाना म्हणाले.

नवरा चिडला. "नाना, जुनी नळी चालेल असं तुम्हीच म्हणालात!"

"डांबरवर, भाऊ. नालामा नही."

त्या नाल्यातून वर आल्यावर लागलेला पुढचा सगळा उतार मला आठवला, आणि त्यावर मागून ऐकू येणारे मुलीचे गाणे.

नानांनी लांब नळ्या बसवल्या, ब्रेक पुन्हा पुन्हा तपासून दाखवले. तरी घरी परतताना, सरळ रिकाम्या रस्त्यावरही, माझा उजवा पाय समोरची रबरी चटई दाबत राहिला. तिथे ब्रेक नव्हता.

"आई," मागून मुलीने विचारले, "त्या नाल्यात परत कधी जायचं?"