हिराजीदादाचा दुसरा चष्मा

मेडिकलची चिठ्ठी आली की आमच्या गँगला महिनाभर बोलायला विषय मिळायचा. खारबावच्या लाईनीवर रूळ सांभाळायचो तेव्हाची गोष्ट. डॉक्टरने फिट लिहिलं तर लाईनीवर, अनफिट लिहिलं तर ऑफिसात साहेबांना पाणी द्यायला. त्या पाण्याच्या ग्लासाची आम्हाला गाडीपेक्षा जास्त भीती! म्हणून तपासणीला प्रत्येकजण भांडायच्या तयारीनेच जायचा.

मला डॉक्टर म्हणाले, "बीपी वाढलंय." म्हटलं, "साहेब, सकाळपासून उपाशी बाकड्यावर बसवलंय. तुम्ही बसा, तुमचं पण मोजू!" त्यांनी गुपचूप दुसऱ्यांदा मोजलं.

* * *

शेलार गावचा हिराजीदादा आमचा चावीवाला. रोज सकाळी हातोडा घेऊन एकटाच रुळावरून चालायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या दिसल्या की ठोकायचा. बावीस वर्षं हेच काम.

डॉक्टरने त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरलं. "आजोबा, ह्या रेघेवरून बोट फिरवा."

आजोबा म्हटल्यावर दादा आधीच तापलेला. त्याने बोट फिरवलं, मधेच थांबला, एक डोळा मिटून रेघ न्याहाळली.

"डॉक्टर, ही लाईन कुनी टाकली? पार वाकडी हाय! गाडी पडंल इथं."

रंगात पास! पण नंबर निघाला, आणि कागदावर शेरा पडला: चष्मा लावून फिट, ड्युटीवर दुसरा चष्मा जवळ ठेवणे.

* * *

धामणकर नाक्यावरच्या दुकानात दादाने एकाच नंबरचे दोन चष्मे मागितले. दुकानदार हसला. "चाचा, नाक तो एक ही है!"

"नाक एक है, पर साहब लोग का कायदा दो चष्मे का है. बना!"

दुसरा चष्मा तो डब्यात ठेवायचा, भाकरी आणि सुकटीच्या शेजारी. आमचे नवे साहेब स्वतः जाड चष्म्याचे. पहिल्याच दिवशी त्यांनी हुकूम सोडला, "दुसरा चष्मा दाखवा!" दादाने डबा उघडून थेट त्यांच्या नाकाखाली धरला. साहेब दोन पावलं मागे!

* * *

सेफ्टीच्या दाखल्यासाठी वर्ग भरायचा. मास्तरांनी ट्रॉली ढकलणाऱ्या दामूला विचारलं, "रूळ तुटलेला दिसला तर काय करशील?"

"पळेन."

सगळा वर्ग हसला. मास्तर चिडले. "पळून जाणार कुठे?"

"गाडीच्या तोंडावर, लाल झेंडा घेऊन! घराकडं पळाया मी काय साहेब हाय?"

दाखला मिळाला. मास्तरांनी वर न बघता तो नुसता पुढे सरकवला.

* * *

मग एक दिवस वहिनीने डबा घासला आणि दादाचा दुसरा चष्मा घरी फळीवरच राहिला. नेमकं त्याच दिवशी साहेबांनी डबा उघडायला लावला. सुकट होती, चष्मा नव्हता! डब्याचा राग होताच. साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, "उद्या कागद आणतो. लाईन बंद, ऑफिसात पाणी द्यायचं." बावीस वर्षं रुळावरून चाललेला माणूस!

दुसऱ्या दिवशी साहेब ट्रॉलीवरून आले. दादा हातोडा घेऊन उभाच. कागद काढायला साहेब फायलीवर वाकले आणि त्यांचा चष्मा खाली खडीत पडला. तेवढ्यात दामू ट्रॉलीवरून उतरला. त्याच्या बुटाखाली कर्रकन आवाज झाला.

"अरेरे!" दामू म्हणाला.

साहेबांनी डोळे चोळले, कागद पुढे केला. "सही करा."

"आदी वाचून दाखवा. ऐकल्याबिगर मी सई करत न्हाय."

साहेबांनी कागद लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. मग खिसे चाचपायला लागले.

"दुसरा चष्मा, साहेब?" दादाने विचारलं.

दादा खाली बसला, सावकाश डबा उघडला, भाकरी बाजूला केली आणि आपला दुसरा चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला.

साहेबांनी तो नाकावर चढवला. सुकटीच्या वासाने एकदा तोंड वाकडं केलं. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तोही मनातल्या मनात. मग चार घड्या घालून खिशात टाकला आणि दादाला म्हणाले,

"संध्याकाळपर्यंत हा राहू दे माझ्याकडे?"

"ऱ्हाऊ द्या," दादा हातोडा उचलत म्हणाला, "पन जवळ दुसरा ठेवा."