मोठ्या काकांचा डबा

नागपूरहून दिल्लीला जाणारा आपला एकही नातेवाईक भोपाळवरून उपाशी गेला नाही, याचा बाबांना केवढा अभिमान! कारखान्याच्या टाऊनशिपमधलं आमचं क्वार्टर म्हणजे सगळ्या खानदानाची खानावळ. अमुक गाडीनं निघतोय असं पत्र आलं, की आई पहाटे उठून पोळ्या लाटणार आणि कुणीतरी डबा घेऊन हबीबगंज स्टेशनवर उभं राहणार. ते कुणीतरी म्हणजे मी.

लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेच्या दिवशीसुद्धा मीच. "तुझं सेंटर शाहपुऱ्याला ना? मग हबीबगंज वाटेतच आहे," बाबा म्हणाले. वर्षभर मान मोडून अभ्यास केला, त्याची ही किंमत! धाकट्या भावाची बारावी होती, तर त्याला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नव्हते. मला मात्र वर ताकीद, "डबा हातात दिल्याशिवाय हलायचं नाही."

आणि त्या गाडीनं जाणार कोण होतं? मोठे काका. दिवाळीत आमच्याच चकल्या खात म्हणाले होते, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि बाईनं तर नाहीच नाही." तेव्हा बाबा हसले होते. त्या हसण्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

गाडी नऊची होती. दहा वाजून गेले तरी पत्ता नाही. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "अभी तो इटारसी से ही नहीं निकली, बेटा." सेंटरचं फाटक अकराला बंद होणार होतं. मांडीवर डबा, डब्यावर पुस्तक, आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरेल तर शपथ!

मग माझी सटकली. म्हटलं, खड्ड्यात गेले काका. डबा उचलला आणि मिनीबस पकडली.

पेपर सुटेपर्यंत तो डबा वर्गाच्या दाराशी वांग्याच्या भाजीचा वास सोडत बसला होता. नंतर सेंटरच्या पायऱ्यांवर बसून मी एकटीनं तो संपवला. चटणीसकट. रागात भूक फार लागते.

घरी येऊन सरळ सांगून टाकलं. बाबांनी आकांडतांडव केलं, "माझा सख्खा मोठा भाऊ माझ्या गावावरून उपाशी गेला!" आईनं डबा हातात घेतला, तो हलका लागला, तशी ती हळूच म्हणाली, "तू तरी पोटभर खाल्लंस ना?"

आज मी रोज कोर्टाची पायरी चढते. घरच्या प्रत्येक लग्नात काका पंगतीला ऐकवतात, "या वकिलिणीनं मला उपाशी ठेवलं बरं का," आणि सगळे हसतात. हसोत बापडे. पण त्या दिवशी पेपर कसा गेला, हे आमच्या घरात आजवर एकानंही विचारलेलं नाही. आईनंसुद्धा नाही.